हमीभावाचा कायदा झाला, तर सोयाबीनला भाव मिळेल का?

मराठवाड्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: वडिलांच्या नावावर चार एकर, सगळं सोयाबीन, २६ क्विंटल निघालं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, पण आडतीवर ४,२०० च्या वर कोणी बोलत नाही. कृषी सेवा केंद्राची चाळीस हजारांची उधारी आहे आणि तिला महिना दोन टक्के व्याज चालू आहे. हमीभावाचा कायदा झाला तर हे थांबेल का? आणि तोवर हा माल विकावा की ठेवावा?

तुमचा राग मला समजतो. क्विंटलमागे १,१२८ रुपये, म्हणजे २६ क्विंटलवर २९,३२८ रुपये. चार एकरांच्या घरात एवढ्या पैशात मुलांची वर्षाची फी निघते. पण तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी आहेत. पहिला धोरणाचा आहे, त्याला काही वर्षं लागतील. दुसरा या पंधरवड्याचा आहे.

मी सव्वीस वर्षं धान्याच्या काट्यापाशी आहे. आधी तालुका खरेदी-विक्री संघात हमीभाव केंद्रावर ग्रेडर होतो, पुढे शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी आणि गोदामं सांभाळली. जे सांगतो ते त्या अनुभवावरून. तुमचा तालुका, केंद्र किती लांब, मालाला हवा (ओलावा) किती, यावर यातलं बरंच बदलू शकतं, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी कायद्याचं बोलू. 'उसाला कायदा आहे, मग सोयाबीनला का नाही?' हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो आणि तो बरोबर प्रश्न आहे. उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली येते, १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागू होतं. थकबाकी तरीही राहते, पण निदान साखर आयुक्त कारखान्याच्या मालमत्तेवर वसुली लावू शकतात. हे का शक्य होतं ते पाहा. राज्यात कारखाने मोजके, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला परवाना. ऊस तोडल्यावर तो फार लांब जाऊ शकत नाही, म्हणजे कोणी किती घेतला हे लपत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरकारने साखरेच्या विक्रीलाही खालची मर्यादा घातली आहे: २०१८ मध्ये किलोला २९ रुपये, २०१९ पासून ३१ रुपये. साखरेची आयात-निर्यातही सरकारच्या हातात आहे. म्हणजे कारखान्याने उसाला भाव द्यायचा तर पुढे साखरेचा भाव सावरून धरलेला आहे. ती मर्यादा पुरेशी आहे की नाही यावर कारखाने आणि सरकार भांडतात, पण सोय आहे.

गहू-भाताचंही तसंच. पंजाब-हरियाणात हमीभाव खरोखर मिळतो, कारण भारतीय अन्न महामंडळ माल उचलतं आणि तो रेशनवर जातो. माल घेतला की त्याला पुढे जायला जागा आहे.

सोयाबीनला ही पुढची जागा नाही. सगळी गाठ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८१ किलोच्या आसपास पेंड निघते. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो, पण वजनाने ती पेंडच आहे. पेंडीचा भाव किलोमागे ५ रुपयांनी उतरला तर क्विंटलमागे ४०५ रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोमागे साडेबावीस रुपयांनी वाढायला हवं. पेंड कोण घेतं? मुख्यतः कोंबडीखाद्यवाले. त्यांना आता मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त भुसा स्वस्तात मिळतो, म्हणून ते सोयापेंड कमी घालतात. पेंड निर्यात करावी तर ब्राझील आणि अर्जेंटिनाशी गाठ, जिथे हेक्टरी उतारा आपल्या जवळपास तिप्पट आहे.

आणि तेल? आपण खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून मोठा भाग आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तेव्हा आम्हाला वाटलं की आता बियाण्याचा भाव उठेल. मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. तुम्ही पेरणीची तयारी करत होता त्याच दिवसांत. २०२१ मध्येही हेच झालं. लातूरला सोयाबीन दहा हजारांवर गेलं आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे) बंद झाले. पुढच्या महिन्यांचा भाव काय दिसतो हे कळायची एक खिडकी तेव्हा मिटली आणि पुढची काही वर्षं मिटलेलीच राहिली.

म्हणजे एक हात हमीभाव जाहीर करतो आणि दुसरा हात तेल-पेंडीचा भाव खाली धरतो. खाणाऱ्याला तेल महाग पडू नये हा सरकारचा हेतू मी चुकीचा म्हणणार नाही, गरीब घरात तेलाचा खर्च जाणवतो. पण त्याची किंमत चार एकरवाल्याने भरावी हे अन्यायाचं आहे, आणि फक्त 'हमीभावाचा कायदा करा' म्हटल्याने हा दुसरा हात थांबत नाही.

आता समजा कायदा झाला. तो तीन प्रकारे होऊ शकतो आणि तिन्ही आपल्याकडे किंवा शेजारी करून पाहिलेले आहेत.

पहिला प्रकार, हमीभावाखाली खरेदी हा गुन्हा. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला होता: एक वर्ष कैद आणि ५० हजार दंड. व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. नवा मूग-उडीद बाजारात यायच्या दिवसांत बाजार समित्या ओस पडल्या. शेवटी सरकारला असा कायदा अजून लागू झालेला नाही असा खुलासा करावा लागला. त्या दिवसांत मी काट्यावर होतो. ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं माल परत नेत होती. ज्याचा माल पाच हजारांत कोणी घेत नाही त्याला साडेचार हजारांचा ग्राहकही राहिला नाही. व्यापाऱ्याला विकत घ्यायची सक्ती कुठलाच कायदा करू शकत नाही, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा प्रकार, सरकारनेच सगळा माल घ्यावा. महाराष्ट्राने कापसात हे तीस वर्षं केलं. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना होती, खासगी खरेदीला बंदी. बाहेर भाव जास्त असेल तेव्हा कापूस रात्रीत सीमेपलीकडे जायचा, इथे भाव जास्त असेल तेव्हा पलीकडचा कापूस इथल्या केंद्रावर यायचा. चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने, महिनोन्महिने रखडत. नव्वदीच्या दशकात तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार सुटला. त्या योजनेने शेतकऱ्याला काहीच दिलं नाही असं नाही. सुरुवातीच्या काळात तिने लहान शेतकऱ्याला जिनिंगवाल्याच्या तावडीतून काढलं, हे माझ्या वडिलांनी स्वतः अनुभवलं आहे. पण माल विकायचा कुठे आणि तोटा भरायचा कोणी, ही दोन उत्तरं तिच्याकडे नव्हती. सोयाबीनमध्ये २०२४-२५ ला राज्यात ११ लाख टनांहून जास्त खरेदी झाली, ती मोठीच होती. तरी राज्याच्या उत्पादनाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. रेशनवर सोयाबीन जात नाही, म्हणून तो साठा पुन्हा बाजारातच विकावा लागला आणि पुढच्या भावावर त्याचं दडपण आलं.

तिसरा प्रकार भावांतर. बाजारात विका, फरक सरकार देईल. मध्य प्रदेशने २०१७ च्या खरिपात केलं. गोदाम लागत नाही, बारदाना (पोती) लागत नाही, म्हणून मला कागदावर हा प्रकार आवडतो. पण फरक काढताना बाजाराची सरासरी धरली जात होती. ज्याचा माल सरासरीहून स्वस्त गेला त्याचा पूर्ण फरक मिळाला नाही, आणि लहान शेतकऱ्याचा माल बहुतेक वेळा सरासरीच्या खालीच जातो. शिवाय योजनेच्या ठराविक मुदतीत सगळ्यांनी एकदम माल आणला, व्यापाऱ्यालाही ठाऊक की वरचे पैसे सरकार देणार आहे. भाव दबले, आणि नोंदणी न केलेला शेतकरी दोन्हीकडून गेला. पुढे त्यांनी पद्धत बदलली, २०२५ मध्ये सोयाबीनला पुन्हा भावांतर आणलं. नीट राबवलं तर तिन्हींत हाच मार्ग मला त्यातल्या त्यात चालण्याजोगा वाटतो.

तर कायद्याबद्दल माझं मत असं: कायद्याने भाव लिहिता येतो, तो टिकवायला पुढच्या मालाचा, म्हणजे तेल-पेंडीचा भाव टिकावा लागतो. म्हणून मोर्चात जाणार असाल तर जरूर जा, पण मागणीत दोन गोष्टी घाला. एक, हमीभाव जाहीर होताना त्याच दिवशी वर्षभराचं तेल आयात शुल्क जाहीर करावं आणि हंगामाच्या तोंडावर ते हलवू नये. दोन, खरेदी केंद्र काढणीआधी उघडावं. २०२४ ला खरेदी १५ ऑक्टोबरपासून होती, २०२५ ला ती नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. दिवाळी त्याआधी होऊन गेली होती. ज्याला दिवाळीला पैसा हवा होता त्याने तोवर विकून टाकलं होतं. हमीभाव किती यापेक्षा तो कोणत्या तारखेला मिळतो यावर लहान शेतकऱ्याचं नशीब ठरतं, आणि यावर आंदोलनं फार कमी होतात.

आता तुमच्या २६ क्विंटलकडे येऊ.

पहिलं काम हवा मोजणं. आडतीवरचा ४,२०० हा भाव बहुधा १०-२-२ चा असतो: १० टक्के हवा, २ टक्के माती-काडी, २ टक्के डागी दाणे. तुमच्या मालाला १८ हवा असेल आणि व्यापारी ३,६०० म्हणत असेल, तर ६०० ची सगळीच लूट नाही. १८ हवेचा क्विंटल १० वर आणला की वजन साधारण ९ किलोने घटतं, म्हणजे ३७५ रुपयांच्या आसपास पाणीच गेलं. उरलेले सव्वादोनशे त्याच्या वाळवणीचे, जोखमीचे आणि तुमच्या घाईचे. चार दिवस ताडपत्रीवर ऊन दिलं तर हे सव्वादोनशे बहुतांशी तुमचे राहतात. गावात चार-पाच जणांनी मिळून एक हवामापक आणि एक चाळणी घेतली तर तो खर्च एका हंगामात निघतो, हे मी अनेक गटांत पाहिलं आहे.

उलट चूकही होते. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत माल चालतो (२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ही मर्यादा १५ पर्यंत वाढवली होती, पण दर वर्षी तसं होईल असं धरू नका). तिथे ८ हवेचा कडकडीत माल नेलात तर दर तोच, वजन मात्र तुमचं कमी. ११-१२ ला थांबा.

दुसरं, नोंदणी आजच्या आज. सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीत) सोयाबीनची नोंद, आधार, बँक पासबुक. ई-पीक पाहणी राहिली म्हणून परत गेलेले लोक मी इतके पाहिले आहेत की हे वाक्य दोनदा वाचा. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, ठीक. पण यातला काही भाग तुम्ही बटईने कसत असाल तर त्याची नोंद मालकाच्या नावानेच होईल आणि पैसे त्याच्या खात्यात जातील. ते आधी स्पष्ट बोलून घ्या. तुमच्या जिल्ह्याला हेक्टरी किती क्विंटलची मर्यादा आहे तेही केंद्रावर विचारा.

तिसरं, उधारी. तुमच्यावर आत्ता दबाव बँकेचा नाही, पीककर्जाला मार्चपर्यंत वेळ असतो. दबाव कृषी सेवा केंद्राचा आहे. महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला २४. याला तोडगा म्हणून शेतमाल तारण योजना वापरा. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के दराने व्याज. वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर बँकेकडूनही कर्ज घेता येतं.

हिशेब असा. दीड क्विंटल बियाण्याला बाजूला काढा. सोयाबीन सरळ (संकरित नसलेलं) वाण असल्याने घरचं बियाणं चालतं. चार एकरांना सव्वा क्विंटल लागेल, पेरणीआधी उगवण तपासा, ७० टक्क्यांच्या वर हवी, आणि थप्पी उंच रचू नका. १३ क्विंटल तारण ठेवा. ४,२०० ने त्यावर ४०,९५० रुपये मिळतात, उधारी त्याच दिवशी संपते. सहा महिने धरले तरी व्याज सव्वाबाराशे. दुकानदाराला तेवढ्याच काळात ४,८०० गेले असते. उरलेले साडेअकरा क्विंटल हमीभाव केंद्राचा एसएमएस आला की तिकडे. ते पैसे, साठ हजारांच्या वर, खात्यात आले की तारणाचा माल सोडवून मर्यादेत बसेल तेवढा केंद्रावरच घाला, खरेदीची मुदत संपायच्या आत.

यात तारण मी भाव वाढेल म्हणून सुचवत नाही. २४ टक्क्यांचं कर्ज ६ टक्क्यांवर आणायला सुचवतो. भावाच्या आशेने माल धरून ठेवण्याचा सल्ला मी एकदा दिला होता. २०२१ च्या दहा हजारांची आठवण ताजी होती, २०२२ च्या हंगामात आमच्या कंपनीच्या सभासदांना मी थांबा म्हणालो. भाव चढण्याऐवजी उतरत गेले. व्याज, गोदामभाडं आणि दोनदा हमाली धरून क्विंटलमागे दोनशेच्या आसपास खर्च बसला होता, वर भावातली घट. सत्तावन्न घरांचे पैसे होते ते. तेव्हापासून मी कोणालाही फक्त भावासाठी ठेवा म्हणत नाही. गोदाम लांब असेल तर दोनशेचे तीनशे होतात, तेही लक्षात ठेवा.

तुमच्या बाजार समितीत तारण योजना सुरूच नसेल, किंवा निधी संपला असेल (दोन्ही होतं), तर १० क्विंटल आत्ता विकून ४२ हजारांनी उधारी फेडा आणि बाकीचा माल केंद्रासाठी ठेवा. त्या १० क्विंटलवर हमीभावाचा फरक जाईल, वाईट वाटेल. पण केंद्रावर नंबर कधी लागेल, बारदाना असेल का, हे तुमच्या हातात नाही. २०२४-२५ मध्ये बारदान्याअभावी केंद्रं थांबलेली मी पाहिली. अशा अनिश्चित तारखेसाठी दोन टक्के महिना चालू ठेवू नका.

एक शेवटची गोष्ट, ती तुम्ही विचारलेली नाही. तुमचा उतारा एकरी साडेसहा क्विंटल आहे. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, बीजप्रक्रिया आणि तांबेरा रोगाला सहनशील वाण यांनी एकरी दोन क्विंटल वाढले, तर चार एकरांत आठ क्विंटल, आजच्याच पडत्या भावाने ३३,६०० रुपये. म्हणजे हमीभावाच्या सगळ्या फरकापेक्षा जास्त. पाऊस साथ देईल तरच, हे खरं, आणि यामुळे सरकारची भावाची जबाबदारी सुटत नाही. पण भाव मिळेपर्यंतची वर्षं तुम्हाला काढायची आहेत.

उद्या सकाळी पोत्यांतून वर-खाली-मध्ये असा दोन किलोचा नमुना काढा, बाजार समितीत हवा मोजून घ्या आणि तिथेच सचिवांना तारणाबद्दल विचारा. हवा किती निघाली, तारण चालू आहे का आणि केंद्र किती किलोमीटरवर आहे, हे तीन आकडे कळवा. १३ क्विंटल तारण ठेवायचे की कमी-जास्त, ते त्यावरून नेमकं सांगतो.